पाचशे वॅटचं लेबल

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला एक पत्र्याचा डबा असतो. त्याच्याकडे तुम्ही कधी ढुंकूनही पाहिलं नसेल. तो मी, एक जुना पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला झेपेल तेवढी वाटायची, हे माझं काम. ते माझ्या हातून नीट झालं नाही, म्हणून आज बोलतोय.

मोडक्या डब्यांतले सुटे भाग काढून मला एका शेडमध्ये जोडलं. लेबलं चिकटवणारी बाई प्रामाणिक होती. ती म्हणाली, "साहेब, हा अडीचशे वॅटचा आहे. जुनं लेबल आहे की याच्यावर."

"त्याच्यावरच पाचशेचं लाव," मुकादम म्हणाला. "आत कोण बघायला जातंय?"

तिने लावलं. बिचारी तरी काय करणार! तेव्हापासून ते खोटं मी पोटावर वागवतोय.

मग मी एका दुकानाच्या फळीवर आलो. एका दुपारी तिथे मायलेकी आल्या. लेक दवाखान्यात केसपेपर लिहायची. कॉम्प्युटरवर गेम खेळायची तिला शाळेपासूनची हौस, पण दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. आई शिवणकाम करायची. फुप्फुसाच्या दुखण्याने ते आता सुटलं होतं.

"मी आहे तोवर घेऊन टाक," आई म्हणाली.

"आई, काहीतरी अभद्र बोलू नकोस हं!"

दुकानदार म्हणाला, "लॅपटॉपच्या भानगडीत पडू नका. जुनी पेटी घ्या, पुढे एकेक भाग बदलता येतो." हा सल्ला खरा होता. स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड, सगळं लेकीने चारचारदा विचारून निवडलं. शेवटी माझी पाळी आली. शेजारी एक चांगला, वजनदार सप्लाय होता. पण तो घेतला, तर पेटीत बसवायचे रंगीत दिव्यांचे पंखे परवडत नव्हते.

"दिवे घे गं," आई म्हणाली. "पेटी ठेवायची तो कोपरा किती अंधारा आहे."

"बरं. सप्लाय कसलाही चालेल, डब्यात तर बसायचाय," लेक म्हणाली.

दुकानदाराला माझी लायकी ठाऊक होती. तरी त्याने मलाच पेटीत बसवून दिलं.

दोघींनी घर बांधायचा गेम घेतला. त्यांचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला होता. आई उशीला टेकून हुकूम सोडायची, "स्वयंपाकघराला खिडकी हवीच. अगं, ती भिंत तिरकी बेतलीस!" लेक खो खो हसायची आणि सगळं रेकॉर्ड करून ठेवायची. आईचं बोलणं, खोकला, हसू, सगळं पेटीतल्या एकाच डिस्कवर. माझ्या आयुष्यातले तेवढेच काय ते सुखाचे दिवस. पण मी तापत होतो.

"काहीतरी जळल्याचा वास येतोय गं," एकदा आई म्हणाली.

"तुला कसलेही वास येतात, आई."

पुढे महिन्याभरात आई गेली. घराचं छप्पर राहिलं होतं. लेक कामावरून आली, की ती रेकॉर्डिंग ऐकत बसायची. "दुसरीकडे उतरवून ठेवायला हवीत," असं रोज म्हणायची आणि रोज राहून जायचं. एका रविवारी सकाळी तिने छप्पर घालायला घेतलं. कार्डाने वीज मागितली. मी होती नव्हती तेवढी दिली. मग माझ्या आत काहीतरी फुटलं आणि नको तेवढी वीज पुढे घुसली. कार्ड गेलं. डिस्कही गेली.

दुरुस्तीवाल्याने माझं लेबल नखाने उचकटलं. खालून अडीचशेचं निघालं.

"ताई, फसवलं तुम्हाला."

"डिस्कवरचे आवाज निघतील का?"

"नाही हो. पार जळलीय."

ती रडली नाही. "आई म्हणत होती, वास येतोय," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी भंगारात गेलो, पण तिथूनही मला कोणीतरी उचललं. फुटलेले भाग बदलले, धूळ पुसली. मित्रांनो, स्वस्त घ्या, जुनं घ्या, त्यात लाज कसली? पण दिव्यांवर भाळण्याआधी मला हातात धरून पाहा, मी हलका लागेन. जपायचं असेल त्याची दुसरी प्रत आजच काढा. आणि घरात कोणी वास येतोय म्हणालं, तर आधी बटण बंद करा. मला दुकानात ओरडून सांगता येणार नाही. आज सकाळीच माझ्या पोटावर नवं लेबल चिकटवलंय, सहाशे वॅटचं.