चौदाव्या नावापुढची खूण

संस्थेच्या केंद्रात सगळे त्यांना ताई म्हणत, ऐंशी वर्षांची माणसंसुद्धा. आसपासच्या लांबलांब पांगलेल्या वस्त्यांत एकटी राहणारी चौदा म्हातारी माणसं होती. रोज सकाळी दहाला त्यांना फोन करून बरे आहात ना विचारायचं, हे ताईंचं काम. पाहुणे आले की संस्थावाले शिलाईचा वर्ग दाखवत, वाचनालय दाखवत. फोनचं कौतुक कोण करणार?

फोन उचलला की वहीत नावापुढे बरोबरची खूण. दोनदा करूनही नाही उचलला, तर सरळ घर गाठायचं. नियम चोख होता. ताईंनी त्यात फक्त स्वतःची एक सोय करून घेतली होती. आधीच चौदाही नावांपुढे झरझर खुणा करायच्या आणि मग फोनला बसायचं. कुणी नाहीच उचलला तर खूण खोडायची. सात वर्षांत खोडायची वेळ पाच-सहादाच आली होती, त्यामुळे यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

काल केंद्रात डोळे तपासायचं शिबिर होतं आणि मुंगी शिरायला जागा नव्हती. तेरा फोन झाले. चौदावे शिंपीकाका. हे गृहस्थ फोनवर "आहे जिवंत" एवढंच म्हणायचे आणि धाडकन ठेवून द्यायचे. तेवढ्यात बाहेर रांगेत दोघांची जुंपली, ताई सोडवायला धावल्या आणि शिंपीकाका राहिले. दुपारी आठवण झाली, तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हातारा ठणठणीत आहे, उद्या बोलू."

आज शिंपीकाकांनी दोनदा फोन उचलला नाही. केंद्राचा चालक गाडी घेऊन गेला, तर काका स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले. मांडीचं हाड मोडलेलं, शुद्ध अर्धवट. त्याने त्यांना उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासात तिथल्या डॉक्टरांचा ताईंना फोन आला.

"ताई, हे कधी पडले ते त्यांना सांगता येत नाहीये. तुमच्याकडे वही असते ना? शेवटचं कधी बोलणं झालं?"

वही समोरच उघडी होती. काल आधीच करून ठेवलेली खूण शिंपीकाकांच्या नावापुढे तशीच होती.

"काल दहाला," ताईंच्या तोंडून निघून गेलं.

"बोलले ना नक्की?"

"हो."

"मग फार तर एका दिवसाचा प्रश्न आहे, सलाइनवर भागेल. दोन-दोन दिवस पडून राहिलं की किडन्यांवर येतं. तसं असतं तर आत्ताच्या आत्ता शहरात हलवावं लागलं असतं. पण तीन तासांचा खराब रस्ता आहे, उगाच कशाला हाल? ठेवतो इथेच."

फोन ठेवला आणि ताईंनी वही मिटली. कदाचित काका काल संध्याकाळीच पडले असतील. कशावरून नाही? खरं सांगितलं तर सात वर्षांचं नाव मातीत जाईल, उद्यापासून एकही म्हातारा विश्वास ठेवणार नाही. असं पाच मिनिटं स्वतःला समजावून झालं. मग त्यांना स्वतःचीच इतकी किळस आली की त्यांनी फोन उचलला. डॉक्टरांनी घेतला नाही. पुन्हा केला. नाहीच. ताईंनी वही पिशवीत कोंबली आणि स्कूटर काढली.

दवाखान्याच्या बाकावर शिंपीकाकांची मुलगी बसली होती. बातमी कळताच शेजारच्या गावाहून धावत आलेली. ताईंना पाहताच तिने त्यांचे हात धरले. "तुम्ही होतात म्हणून सापडले हो बाबा. तुमचे उपकार कसे फेडू?"

डॉक्टर बाहेर येत होते. ताईंना वाटलं, त्यांना बाजूला घेऊन सांगावं. पण हात मुलीच्या हातात होते.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. काल काकांना फोन केलाच नव्हता. खूण आधी करून ठेवली होती. परवा दहानंतर त्यांच्याशी कुणीच बोललेलं नाही."

"तासभर वाया घालवलात," एवढंच डॉक्टर म्हणाले आणि रुग्णवाहिका मागवायला वळले. शहरात पोचेपर्यंत काका टिकतील का, हे विचारायची ताईंची हिंमत झाली नाही.

मुलीने हात सोडले. ती पुन्हा बाकावर बसली.

"बोला मला," ताई म्हणाल्या. "काय वाटेल ते बोला."

"काय बोलू?" मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली. "आधी मी रोज करायचे त्यांना फोन. तुमचा सुरू झाला आणि माझा बंद पडला. म्हटलं, ताई करतात ना."

त्यापेक्षा ताईंना शिव्या परवडल्या असत्या.