कपाटातला आवाज

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि नाही वाटलं तरी माझं काही बिघडत नाही. मी अकरा वर्षं एका कपाटात बसून काढली. लाकडी, दोन दारांचं, कुबट वासाचं कपाट. आत बसून मी बोलायचो, तोंड दुसऱ्याचं हलायचं आणि टाळ्याही त्यालाच मिळायच्या.

"कपाटात?" चहाचं आधण ठेवता ठेवता जावई वळला. लग्नाला दोनच महिने झालेले. सासरा नाटकात होता, एवढंच लेकीनं त्याला सांगितलेलं. असा कोरा श्रोता मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"कपाटातच. जावईबापू, तुम्ही ऑफिसात खुर्चीत बसता, तसा मी कपाटात बसायचो. फरक एवढाच, की मी बसल्या जागी काम करायचो."

खिडकीपाशी लेक नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या चहात लवंग घालू नकोस हं. ठसका लागतो त्यांना. आणि बाबा, तुम्ही आता कुठलं काढताय?"

"खरं तेच काढतोय."

"बरं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

तर मी प्रॉम्प्टर. म्हणजे पडद्याआड नाटकाची वही घेऊन बसणारा. नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच द्यायचा. शब्द नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला मुळीच जाता कामा नये. हे काम ज्याला जमतं तो असल्याचं कुणाला कळत नाही. लोकांना प्रॉम्प्टर आठवतो तो फक्त चुकल्यावर.

आमच्या कंपनीचा नायक होता, त्याला सगळे सम्राट म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्याच्या स्वतःच्याही लक्षात नसावं. पण आवाज! तो 'थांबा' म्हणाला की बाहेर रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या. थिएटरच्या छपरात कबुतरं होती, ती पाठांतरानं त्याच्या आधी घुमायला लागायची. तिसऱ्या रांगेत एका बाईच्या मांडीवरच्या तान्ह्या पोरानं आयुष्यातली पहिली टाळी वाजवली ती याच्या वाक्याला.

"तान्ह्या पोरानं?" जावई.

"तेच पोर पुढं समीक्षक झालं. मग मात्र त्यानं कधी टाळी वाजवली नाही."

एवढा नट म्हटल्यावर सिनेमावाले येणारच. आले, गाडी पाठवली, गळ्यात हार घातला. पहिल्याच दिवशी एक वाक्य होतं, आठ शब्दांचं. सम्राट सहा शब्द बोलला आणि थांबला. पुन्हा घेतलं. पुन्हा सहा. त्या एका वाक्याचे सत्तेचाळीस रीटेक झाले. नायिकेचं ग्लिसरीन संपलं आणि शेवटी ती बिचारी खरंच रडायला लागली. क्लॅप देणाऱ्या माणसाचा दंड असा पिळदार झाला, की पुढं त्याला मारामारीच्या सिनेमांत काम मिळालं. सम्राटाला मात्र दिग्दर्शकानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तब्येत सांभाळा." त्या धंद्यात हे वाक्य ऐकलं, की आपली खुर्ची आपणच उचलून घरी न्यायची.

जावई हसला. मीही हसलो. लेक हसली नाही.

कारण तिथूनच ते सुरू झालं होतं. शब्द जायला लागले. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग कालची जेवणं, मग तारखा. त्याचं कुणाला काय? पण मग नाटकातले शब्द जायला लागले. प्रयोग रंगात आलेला असायचा. तोंड उघडलेलं, जीभ जागेवर, समोरचा नट उत्तराची वाट पाहतोय, आणि जिथं वाक्य असायला हवं तिथं नुसता उजेड. पांढरा, गरम उजेड. दिवे तेवढे जळते ठेवून घरातलं सगळं सामान कुणी उचलून नेल्यासारखा. कानात स्वतःचाच श्वास ऐकू येतो. आणि घाम फुटतो तो मानेवर नाही, तळपायाला.

"हे तुम्हाला कसं माहीत?" जावयानं विचारलं.

"प्रॉम्प्टरला नटाच्या पोटातलं कळतं," मी म्हणालो. "चहा उतू जाईल तुमचा."

तर दोन प्रयोगांत सम्राट ठप्प झाला. पहिल्यांदा लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. दुसऱ्यांदा मागून शिट्टी आली. कंपनीचे मालक मोजकं बोलणारे. मेकअपच्या खोलीत येऊन म्हणाले, "सम्राट, आता तिसऱ्यांदा झालं तर कोट."

कोट म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या कंपनीची रीत होती. एकाची भूमिका दुसऱ्याला द्यायची झाली, की जुन्या नटानं सगळ्यांसमोर, रंगमंचावर, त्या भूमिकेचा कपडा आपल्या अंगातून काढून नव्याच्या अंगात घालायचा. बटणंसुद्धा आपल्या हातानं लावायची. याला मालक मानाचा निरोप म्हणायचे. आम्ही त्याला अंघोळ घालणं म्हणायचो, कारण तसं शेवटचं कुणाला घालतात ते तुम्हाला माहीत आहे.

सम्राटाची भूमिका न्यायाधीशाची, म्हणून काळा कोट. आणि तो अंगात घालायला एक माणूस तयार उभाच होता. बदली नट. त्याला सगळे नुसतं बदली म्हणत. नाटकात त्याला शिपायाचं दोन मिनिटांचं काम, पण न्यायाधीशाचं अख्खं भाषण पाठ. नऊ वर्षं तो रोज विंगेत उभा राहून ओठांतल्या ओठांत ते म्हणायचा. वाईट नव्हता. पण भुकेल्या माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा बघायचा. दोष कसा द्यायचा?

"मग सोडून द्यायचं ना त्यांनी काम," जावई म्हणाला. "घरी बसायचं सुखानं."

"घरी? घरी तो दूधवाल्याशीसुद्धा कुठल्या तरी दुसऱ्या अंकातलं बोलायचा. त्याला दुसरं काय येत होतं, बापू? लिहिलेलं बोलायचं एवढंच येत होतं. तेही गेलं तर आत उरतं काय, हे बघायची त्याला भीती वाटायची."

आता बघा हं त्याची धडपड. सम्राटानं भाषण सगळीकडे लिहून ठेवलं. पंख्याच्या पात्यावर, टेबलाच्या कडेला, पाण्याच्या ग्लासच्या तळाशी. त्या वाक्यासाठी त्याला प्रत्येक प्रयोगात सात ग्लास पाणी प्यावं लागायचं, आणि मग मध्यंतराची काय घाई व्हायची ते विचारू नका. दुसऱ्या अंकात वकिलाचं काम करणारा नट चांगला टकला होता. त्याच्या डोक्यामागं पेन्सिलनं चार ओळी. एकदा दिव्यांनी त्याला असा घाम सुटला, की 'न्याय' हा शब्द वाहत वाहत त्याच्या कानात गेला. सम्राट तो वाचायला त्याच्यामागे स्टेजभर फिरला. लोक म्हणाले, काय हालचाली बसवल्यात!

पण तिसऱ्या अंकाचं शेवटचं भाषण सात पानांचं. न्यायाधीश एकटा, कपाटापाशी उभा राहून कबूल करतो की आपण एका निर्दोष माणसाला फाशी दिली. ते सगळं त्यानं कोटाच्या अस्तरावर लिहिलं होतं. शाईनं, मुंगीएवढ्या अक्षरात. कोटाची एक बाजू जरा उघडायची, की वाक्य हजर.

आणि मालकांनी शहरातल्या मोठ्या लोकांना बोलावलेलं तो दुपारचा प्रयोग आला. कपडेपटवाला भला माणूस. त्याला वाटलं, एवढे पाहुणे येणार, आपल्या सम्राटाचा कोट लखलखीत दिसला पाहिजे. त्यानं पहाटे उठून कोट धुतला. घासून घासून धुतला. अस्तर निळं झालं म्हणून त्यानं त्यावर आणखी साबण लावला, आणि इस्त्री करून, अभिमानानं, सम्राटाच्या हातात दिला.

सम्राटानं अस्तर उलटून पाहिलं. आकाशासारखं फिकट निळं. एक अक्षर नाही.

कपडेपटवाला उभा होता शाबासकीसाठी. सम्राट त्याला म्हणाला, "सुंदर." मग आरशासमोर बसला. रंग लावून झालेला होता, त्यामुळे रडताही येईना. ओघळ दिसले असते. नुसता तोंड उघडून बसला, मासा पाण्याबाहेर बसेल तसा. विंगेतून प्रॉम्प्टर कितीही कुजबुजला तरी कपाट पडलं स्टेजच्या मधोमध. तिथवर आवाज पोचवायचा म्हणजे पाहुण्यांनाही पोचला असता.

दाराबाहेर बदली उभा. बातमी त्याच्यापर्यंत गेली होती. त्यानं आपलं शिपायाचं पागोटं काढून केस नीट विंचरले होते.

"मग?" जावयाच्या हातातली गाळणी तशीच.

मग काय? मीच म्हणालो, कपाट माझ्या मापाचं आहे. मध्यंतरात पडदा पडल्यावर वही घेतली, बॅटरी घेतली, घसा कोरडा पडू नये म्हणून तोंडात लवंग धरली, आणि शिरलो आत. गुडघे हनुवटीला. मागच्या फळीला कानाच्या उंचीवर एक भोक होतं...

लेकीची सुई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बटणाकडे.

...मागच्या नव्हे, दाराच्या फळीला. सम्राट येऊन दाराला पाठ टेकून उभा राहिला. मी एक वाक्य म्हणायचो, तो ते मोठ्यानं म्हणायचा. मध्ये अर्ध्या श्वासाचं अंतर. लोकांना वाटलं, म्हाताऱ्या न्यायाधीशाला एकेक शब्द जड जातोय. चार पानं गेली. पाच गेली. पाठीला लाकडातून तो आवाज लागायचा, बापू, ऊन लागावं तसा. लवंगेचा वास यायचा. माणसाला आपण बुडत नाही आहोत हे कळायला तेवढा वास पुरतो.

आणि मग दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. सहाव्या पानावर शिपाई येतो, कपाट उघडतो आणि म्हणतो, "फाईल सापडली, साहेब."

शिपाई म्हणजे कोण? बदली!

आला तो. सम्राटाला बाजूला व्हावंच लागलं. बदलीनं कडी काढली, एक दार उघडलं, आत वाकून पाहिलं. आत बॅटरीच्या उजेडात वही, आणि दोन डोळे. त्यानं 'अरेच्चा' म्हटलं असतं, दार सताड उघडं टाकलं असतं, नुसता हसला असता तरी पुरे होतं. कोट त्याच संध्याकाळी त्याच्या अंगावर आला असता. नऊ वर्षं, बापू. तो वाकून राहिला, इतका वेळ की मालक विंगेत उभे राहिले.

मग त्यानं हळूच दार लावलं. कडी घातली. लोकांकडे तोंड केलं आणि म्हणाला, "कपाट रिकामं आहे, साहेब."

थिएटरात टाचणी पडली नाही, कारण तीसुद्धा ऐकत होती. लोकांना वाटलं, पुरावाच नाहीसा झाला, तरी न्यायाधीश कबूल करतोय! उभे राहून टाळ्या. मालकांनी तेच वाक्य नाटकात कायम केलं. त्यानंतर अकरा वर्षं, प्रत्येक प्रयोगात, बदली येऊन कपाट उघडायचा, आत पाहून जरासा मान लववायचा, आणि सांगायचा की रिकामं आहे.

जावयानं टाळीच वाजवली. "आणि तुम्ही आत!"

"मी आत."

"मग बंद का पडलं?"

इथं मी खरं तर थांबायला हवं होतं. पण चहा समोर आला होता, आणि श्रोता चांगला होता.

बंद पडलं ते एका दुपारीच. सम्राट सवयीनं घरून निघाला, सवयीनं रंग लावला, सवयीनं तिसऱ्या अंकात कपाटाला पाठ टेकली. वाट पाहिली. पाठीला काही लागलं नाही. त्यानं हात मागं नेऊन बोटानं दारावर टकटक केलं. एकदा. दोनदा. लवंगेचा वास नाही. तळपाय ओले झाले. समोर तो पांढरा उजेड, आणि त्यात एवढी माणसं बसलेली, सगळी त्याच्या तोंडाकडे बघणारी. कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं.

बदली वेळेच्या आधीच आत आला. कपाट उघडलं. दोन्ही दारं उघडली, त्या दिवशी पहिल्यांदाच. लोकांना आतलं लाकूड दिसलं. "कपाट रिकामं आहे, साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

पडदा पडल्यावर सम्राटानं सगळ्यांसमोर कोट काढला, त्याच्या अंगात घातला. पाच बटणं. तीन लागली. चौथं काही केल्या घरात जाईना, बोटंच ऐकेनात. शेवटी बदलीनं ती बोटं आपल्या हातात धरली आणि त्यांच्याकडूनच लावून घेतलं.

चहावर साय धरली होती. जावई कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"पण बाबा," तो म्हणाला, "कपाट रिकामं होतं, तर त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"मी? मला... मला त्या दिवशी ताप होता. एकशे चार. डॉक्टरच्या थर्मामीटरची काच..."

लेकीनं दातांनी दोरा तोडला.

"ताप नव्हता, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर होतात, कोट घालून. लवंग आई खायची. कपाटात आई असायची, आणि तिला जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते."