मागच्या दाराने

कंबोडियाच्या सहलीची यादी विचेतने जानेवारीतच फ्रीजवर चिकटवली होती. चार दिवस, अकरा देवळं. प्रत्येक देवळापुढे निघायची वेळ, पोचायची वेळ, गर्दी केव्हा कमी असते ते. फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या बससेवेत वेळापत्रकं आखण्यात त्याची वीस वर्षं गेलेली, दुसरं काय होणार! यादी करताना त्याने बायकोला, मालिसला विचारलं. सोळा वर्षांच्या लेकीला, एलोदीला विचारलं. त्याच्या आईला, शहात्तर वर्षांच्या सारूनला मात्र कुणी काही विचारलं नाही. खरं सांगा, आपल्यातलं तरी कोण विचारतं? म्हाताऱ्या माणसाला बरोबर नेतोय हेच मोठे उपकार, असं आपण धरून चालतो.

बॅगा भरताना तेवढी थोडी कुरबुर झाली. सारूनच्या बॅगेतून विचेतने चौकड्यांचा एक विटका पंचा बाहेर ओढला.

"आई, ही चिंधी कशाला? कंबोडियात असले नवेकोरे ढिगाने मिळतात."

"राहू दे रे. तुझं काय खातंय ते?"

"वजन खातंय."

"मग माझ्या गुडघ्यांचं मलम काढ," म्हातारी म्हणाली आणि पंचा पुन्हा तळाशी कोंबला.

तो आपला देश सोडून तिला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. विमानातून उतरल्यावर ती जागोजागी थांबत होती. मालिसला वाटलं, प्रवासाने दमली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगकोर वाट होतं. तुकतुक, म्हणजे तिथली रिक्षा, चालवणारा थोन साठीचा, बोलका माणूस. विचेत त्याला म्हणाला, "भाऊ, पूर्वेच्या दाराने घ्या. तिथे सकाळी चिटपाखरू नसतं."

"ते मागचं दार आहे."

"दार ते दार! आत गेल्याशी कारण."

थोनने खांदे उडवले आणि गाडी मागच्या बाजूला नेली. सगळे उतरले. सारून बसूनच राहिली.

"मी नाही मागच्या दाराने येणार."

"आता का गं?"

"घरधन्याला न सांगता परसदाराने कोण शिरतं? चोर! ता रीच पुढच्या दारात उभे आहेत. आधी त्यांना सांगायचं, मग आत जायचं."

पश्चिमेच्या महाद्वारात आठ हातांची उंच दगडी मूर्ती आहे. मूळची विष्णूची, पण तिथल्या लोकांना ती ता रीच, म्हणजे राजआजोबा. लग्न झालं, मूल झालं, कुणी दूरदेशी निघालं, की त्यांच्यापुढे उदबत्ती लावून कळवायचं, अशी जुनी रीत.

विचेतने घड्याळ पाहिलं. "पुढून आणखी पाऊण तास जाईल, आई. आणि तो खंदकावरचा लांबलचक पूल तुझ्या गुडघ्यांना झेपणार आहे का? तू इथेच सावलीत बस. संध्याकाळी बघू, वेळ उरला तर."

वेळ उरला तर! हे शब्द सारूनने किती वर्षं ऐकले होते.

आत विचेतने भराभर फोटो काढले. एका कोरलेल्या भिंतीपाशी एलोदीने विचारलं, "बाबा, आजी इथे आधी कधी आली होती का?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं. या खांबांची उंची त्याला पाठ होती, पण आईचं एवढंही ठाऊक नव्हतं.

परत आले तर झाडाखाली ना तुकतुक, ना सारून! विचेतने इकडेतिकडे हाका मारल्या. शेजारचा गाडीवाला म्हणाला, "थोन? तो त्या आजींना पुढच्या दाराशी घेऊन गेलाय." तिघेही देवळातूनच परत पळत पश्चिमेला निघाले.

महाद्वारात ता रीचच्या पायाशी सारून बसली होती. पुढे केळी, उदबत्त्या, कमळाच्या तीन कळ्या. मांडीवर तो विटका पंचा.

"आई! काही कळतं का तुला? जीव टांगणीला लागला आमचा!"

"ओरडू नका, भाऊ," थोन मध्ये पडला. "तुमच्या यादीत अकरा देवळं आहेत, मघाशीच फोनवर दाखवलीत मला. यांच्या यादीत एकच आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली त्याला."

"कसली यादी? मला कधी बोलली नाही ती!"

"तुम्ही विचारलंत? मी कालचा गाडीवाला. मी एवढंच म्हणालो, 'आजी, तुम्हाला कुठे जायचंय?' की त्या घळाघळा रडायलाच लागल्या. पूल काय हो, खांद्याला धरून बसत-उठत आलो की! रस्ते सगळे बरोबर असतात तुमचे, साहेब. गाडीत कोण बसलंय, तेवढंच बघत नाही तुम्ही."

विचेत खाली बसला. "आई, सांग ना."

"तू चार वर्षांचा होतास," सारून म्हणाली. "त्या जुलमी राजवटीत तुझे बाबा उपासमारीने गेलेले. तुला या पंच्यात पाठीशी बांधून मी सरहद्दीकडे निघाले होते. तू तापाने फणफणलेला, पायांच्या काड्या झालेल्या, उभासुद्धा राहत नव्हतास. इथून जाताना यांच्यापुढे थांबले. वाहायला हातात काही नव्हतं. म्हटलं, आजोबा, पोर जगू द्या. तो स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात चालत येईल, तेव्हा हा पंचा तुमच्या पायाशी ठेवीन."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बारा वर्षांचा होतास तेव्हा म्हणालास, आई, माझ्या मित्रांसमोर त्या भुकेच्या गोष्टी सांगत जाऊ नकोस. मग नाही सांगितल्या. मग तू मोठा झालास आणि तुला वेळ नव्हता."

विचेतला रडू आवरेना. अरेरे! जिच्या पाठीवर तो जगला, तिलाच त्याने सावलीत बसवून ठेवलं होतं!

"आलोय ना आता, आई. ठेव तो पंचा."

म्हातारीने मान हलवली. "तू मागच्या दाराने आलायस. जा. पुलापलीकडे जा आणि पुढून चालत ये. मला बघायचंय."

अठ्ठेचाळीस वर्षांचा तो गृहस्थ उठला. चपला हातात घेतल्या, पूल ओलांडून थेट रस्त्यापर्यंत गेला आणि तिथून वळला. सारून एलोदीचा हात धरून दारात उभी राहिली. नातीच्या दुसऱ्या हातात फोन होता, तो तिने खिशात टाकला. समोरून गर्दी येत होती, जात होती, आणि त्या गर्दीतून विचेत अनवाणी चालत येत होता. सारूनचे ओठ हलत होते. पहिलं पाऊल टाकणाऱ्या तान्ह्याला म्हणतात तसं ती म्हणत होती, "ये, ये, ये रे माझ्या राजा."

तो दारात पोचला. तिने मूर्तीकडे वळून हात जोडले. "आजोबा, आलाय बघा. चालत आलाय."

आणि तिने पंचा खाली ठेवला.

उरलेली दहा देवळं तशीच राहिली. पुढचे दोन दिवस विचेत आईशेजारी बसून भुकेच्या गोष्टी ऐकत होता, आणि एलोदीही. फ्रीजवरची यादी त्याने परत गेल्यावर स्वतः फाडली.

मंडळी, देवळं हजार वर्षं उभी आहेत, ती आपल्यासाठी आणखी थांबतील. घरातली म्हातारी माणसं थांबणार नाहीत. तेव्हा पुढच्या सहलीची यादी करायला बसाल, तेव्हा पहिली ओळ कोरी ठेवा, आणि ती भरण्याआधी त्यांच्यापाशी बसून एवढंच विचारा: "तुम्हाला कुठे जायचंय?"