प्रवासाची दशमी

“अहो कंडक्टर, थांबवा गाडी! थांबवा म्हणते ना!”

चांदवडच्या अलीकडे भर दुपारी मी अख्ख्या एसटीसमोर ओरडले. पोटात नुसता पीळ पडत होता. मागून कुणीतरी म्हणालं, “वांती व्हत असंल बाईला.” वांती कसली! मी पदर सावरत रस्त्याकडेच्या कांद्याच्या चाळीमागे पळाले. तिथं जे झालं ते सांगण्यासारखं नाही.

मला दूध सोसत नाही. दुधातली साखर तुमच्या आतड्याला पचत नाही, असं डॉक्टरांनी शहाण्णव साली सांगितलं. तेव्हापासून मी कोरा चहा पिते, ताकही बेतानंच घेते. पण मखमलाबादला आमच्या मळ्यात घरची म्हैस, आणि सासूबाईंचं एकच पालुपद: “दुधानं कुनाचं पोट बिघडतं का? समदी नाटकं हायेत!” अशा वेळी आमचे हे माझी बाजू घ्यायचे. “आई, राहू दे. तिचा कोरा ठेव.” तेवढ्या आधारावर मी त्या घरात सुखानं राहिले, देवाशपथ.

त्या दिवशी आम्ही दोघं नामपूरला लग्नाला निघालो होतो. सासूबाईंनी वाटेसाठी दशम्या बांधल्या. दशमीचं पीठ दुधातच भिजवायची रीत, म्हणून निघताना मी यांना हळूच विचारलं, “माझ्या पाण्यातल्या ना?”

“पाण्यातल्याच गं. माझ्यासमोर मळल्या.”

ओझर गेल्यावर मी बिनधास्त दोन खाल्ल्या.

आता परत येऊन सीटवर बसले, तर कुणाकडं बघायची सोय राहिली नव्हती. हे मात्र माझ्याकडं नवलानं बघत होते.

“म्हणजे तुला खरंच त्रास होतो की गं!”

“म्हणजे?”

“अगं, आई म्हणाली, एकदा न सांगता दुधातली देऊन बघू. आता मीच सांगतो तिला, तू खोटं बोलत नव्हतीस.” आणि हे चक्क खूश होते हो!

सासूबाईंचं काय, त्या निदान तोंडावर बोलायच्या. पण हा माणूस! इतकी वर्षं माझी बाजू घेतली, आणि मनात विश्वास कधी नव्हताच. माझ्या अंगाची नुसती आग झाली. रडूसुद्धा येईना.

यांनी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं, माझ्यापुढं धरलं. “घे, घोटभर पी. बरं वाटेल.”

घशाला कोरड पडली होती. मी पेला घेतला आणि आधी नाकाशी नेला.

“अगं, पाणीच आहे,” हे म्हणाले.

मी पेल्यात नीट बघून घेतलं. मग प्याले.