उघडा पाळणा

"मागचे पाय पुढच्याइतके लांब काढलेस, म्हणून ते स्टूल उधळल्यासारखं दिसतंय," होसियत-ओपा म्हणाल्या.

"उधळणारच, ओपा. माझी सासू बसते त्याच्यावर," उगुलशोद म्हणाली. बायका खुदखुदल्या. कोपऱ्यात बसलेली नोरबिबीसुद्धा जरा हसली. वसंतात तिचं बाळ गेल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्या काळी उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या एका रेशीम गिरणीमागे तुतीच्या झाडांत एक खोली होती. रविवारी तिथे विणकरणी चित्रकला शिकायला जमत. शिकवणाऱ्या होसियत सगळ्यांच्या ओपा, म्हणजे थोरली बहीण. त्यांचं शिकवणं साधं होतं. आधी हलक्या हातानं खोकं काढायचं, त्याच्या कोपऱ्यांत पाय उभे करायचे, मग खोकं पुसून टाकायचं. उरतं ते स्टूल. स्टूल जमलं की बुटकं मेज, मग संदूक. माणसं त्या कधी शिकवत नसत.

"आता घरातली एक वस्तू निवडा," ओपा म्हणाल्या. "तिच्यावरचं सगळं उतरवा आणि मगच काढा. झाकलेल्या वस्तूचा आकार कळत नाही."

घरोघरी संदुकांवर गोधड्यांची चळत असते. ओपांच्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं.

पुढच्या रविवारी बाकी सगळ्यांनी संदुकांची चित्रं काढून आणली. नोरबिबीनं पाळणा आणला. वर आडवा दांडा, खाली जमिनीवर डुलणारे दोन वाकडे पाय. बोट लावलं तर डुलेल असा. ओपांना राहवलं नाही. त्यांनी तो कागद भिंतीवर टाचला.

"हे बघा, असं काढायचं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग उगुलशोदच जवळ येऊन कुजबुजली, "ओपा, उतरवा ते. रिकामा पाळणा कुणी उघडा ठेवतं का? अपशकुन असतो तो. आणि तोही हिचा?"

ओपांनी कागद उतरवला. पण गल्लीत बातमी आधी पोचली. त्यानंतर नोरबिबी आली नाही.

दोन रविवार वाट पाहून ओपा तिच्या घरी गेल्या. सासूनं, मस्तुरा-खालांनी, उंबऱ्याशी येऊन हात धरून आत नेलं. नान मोडून पुढे ठेवली, मनुका ठेवल्या. तब्येतीची, गुडघ्यांची चौकशी झाली.

"चूक माझी आहे, खाला," ओपा म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं, सगळं उतरवा म्हणून. पोरीला पाठवा. मी तिला पुन्हा स्टुलापासून सुरू करायला लावीन."

"स्टूल आमच्याकडेही आहे, ओपा. ते बघायला तुमच्याकडे कशाला यायला हवं?"

"तेवढीच घराबाहेर पडते हो ती."

मस्तुरा-खाला मनुका निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या पाळण्यावर चादर मी घातली होती. माझ्या हातानं. मुलगा म्हणाला, देऊन टाकू कुणाला. मी देऊ दिला नाही. त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. आणि हिनं चादर काढली, समोर बसली आणि बघत राहिली. अख्खी दुपार."

दाराशी किटली घेऊन नोरबिबी उभी होती.

"मला समोर असतं तेवढंच काढता येतं, आई," ती म्हणाली.

सासूनं तिच्याकडे पाहिलं नाही. "चहा ओत ओपांना."

तिनं ओतला. पेला अर्धा झाला तशी ती थांबली. पाहुणा हवासा असेल तर पेला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा ओतता येतो, पुन्हा बसवून घेता येतं. काठोकाठ भरला, की तो पिऊन पाहुण्यानं उठायचं असतं.

"अजून," सासू म्हणाली.

नोरबिबीनं किटली कलती केली. चहा वर येत गेला, काठाशी आला. एक थेंब सांडला नाही.

ओपांनी तो भरलेला पेला दोन्ही हातांनी उचलला. चहा कढत होता. त्या अगदी लहान लहान घोट घेत राहिल्या, आणि तो संपेपर्यंत नोरबिबी किटली धरून त्यांच्यासमोर उभी होती.