जाड तारा

आत्याचा गिटार-बँजो म्हणजे धड गिटार नाही, धड बँजो नाही. दांडी आणि सहा तारा गिटारच्या, पोट मात्र कातडं ताणलेल्या डफासारखं. त्यामुळे सूर टणकन उमटायचा आणि रेंगाळत न बसता विझायचा. वाद्य तिच्या वडिलांच्या वेळचं. आत्या त्याला कायम बारीक, हलक्या तारा लावायची. दिवसभर शिवणयंत्रावर राबलेली बोटं संध्याकाळी एवढंच सोसतात, असं ती म्हणायची.

भाच्याने हे शंभरदा ऐकलं होतं. पण भाचा पडला गिटारवाला, चार कार्यक्रमांत वाजवलेला, म्हणजे अक्कल नुसती उतू चाललेली. आत्या आजारी पडून दवाखान्यात होती, तेव्हा स्वारीने तिला खूश करायचं ठरवलं. सहा तारा म्हणजे गिटारच की! त्याने आपल्या गिटारच्या जाड पोलादी तारा चढवल्या आणि कचकचून पिळल्या. आवाज दणदणीत निघाला, तशी त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. त्या ताणाने जुनी दांडी वाकत चालली होती आणि तारा दांडीवरच्या पडद्यांपासून वर उचलल्या जात होत्या, हे त्याच्या गावीही नव्हतं.

घरी आल्यावर आत्याने वाद्य मांडीवर घेतलं. तार दाबली, ती दबेना. बोटावर लाल वळ उठला.

"तारा बदलल्यास का रे?"

"जुन्या गंजल्या होत्या. तुझ्याच मापाच्या आणल्यात," तो म्हणाला. दांडीकडे त्याची नजर गेली आणि काय झालंय ते त्याला कळलं, पण थाप तोंडातून निघून गेली होती.

"मग माझ्याच हातात जीव उरला नाही," आत्या म्हणाली आणि तिने वाद्य खाली ठेवलं.

आज सांगू, उद्या सांगू करत तो मूग गिळून बसला. रोज तिच्या हातचं जेवत होता. एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिका गणवेशांचं कापड घेऊन आल्या. आत्याने ते परत केलं. "दुसरीकडे द्या बाई. बोटं गेली माझी."

त्या गेल्यावर तिने शिवणयंत्रावर चादर टाकली आणि मोठी कात्री भाच्यापुढे धरली. "कुणाला उपयोगी पडली तर देऊन टाक."

त्याला ती कात्री घेववेना. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं.

आत्याने दांडी डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली. मग स्वतःची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"म्हणजे माझे हात बरे आहेत?"

"अगदी बरे आहेत, आत्या."

ती रागावेल, निदान दोन शिव्या घालेल, म्हणून तो वाट पाहत होता. ती हसली, अगदी मनापासून, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तारा नंतर सैल कर. आधी पळ, ते कापड घेऊन ये."

तो धावत गेला. पण मुख्याध्यापिका परत जाताना वाटेतच दुसऱ्या शिंप्याकडे कापड टाकून गेल्या होत्या, आणि त्याने ते बेतायलाही घेतलं होतं.

भाचा परत आला तो दारातच थबकला. आत शिवणयंत्र चालू होतं. हात मोकळा व्हावा म्हणून आत्या एका चिंधीवर सरळ शिवण घालत होती.

"आणलंस का रे?" तिने मान वर न करताच विचारलं.