हार्नेसचं माप

लिनेटने अंगात चढवलेल्या हार्नेसच्या कमरपट्ट्याखाली रोंडाने बोटं सरकवून पाहिली. दोन बोटं गेली की माप बरोबर. इथे तिचा अख्खा पंजा आत गेला.

"यात तू आणि तुझी शेजारीण, दोघी मावाल," ती म्हणाली.

"पण खांद्यांना तर काचतोय, मिस रोंडा. आणि होडीच्या तारेला लटकले की पुढची पट्टी फासळ्यांपर्यंत वर चढते."

"चढणारच. उंचीला तोकडा आणि कमरेला ढगळ. आणि मिस-बिस म्हणू नकोस, मी काय बालवाडीची बाई आहे? कुठून आणलास हा?"

"ड्वेननं आणला. वाढदिवसाला."

रोंडाने पट्टा सोडला आणि टेबलावरची कात्री उगाचच इकडची तिकडे ठेवली.

ड्वेन म्हणजे लिनेटचा नवरा. त्याआधी तो रोंडाचा नवरा होता. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या त्या एवढ्याशा गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. पण शीड उसवलं किंवा हार्नेसची शिवण गेली, तर रोंडाच्या गॅरेजशिवाय दुसरीकडे जायची सोय नव्हती, म्हणून लिनेटला यावं लागलं होतं. आधी दोनदा ती गाडी दारावरून तशीच पुढे घेऊन गेली, ते रोंडाने खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या खेपेला मात्र रोंडा स्वतःच दार उघडून उभी राहिली. भूत असल्यासारखं कोणी आपल्याला टाळावं, हे तिला आवडत नसे.

"परवा दोनदा पडले मी," लिनेट म्हणाली. "ड्वेन म्हणतो, तारेवर जायला मुळात अंगात असावं लागतं."

"तो सोफ्यावर बसल्यासारखा सुकाणू धरून बसतो. त्याला तारेचं काय कळतंय?"

लिनेट खुदकन हसली आणि लगेच तिने हसू आवरलं. नवऱ्याची बाजू घ्यायला हवी होती हे तिच्या उशिरा लक्षात आलं असावं.

"पायाखालच्या पट्ट्याही घेऊन ये म्हणालाय," ती म्हणाली. "जुन्या गुळगुळीत झाल्यात. शनिवारच्या आत बसवायच्यात."

शनिवार म्हटल्यावर रोंडाची नजर अंगणातल्या आपल्या होडीकडे गेली. वारा वाढला की कॅटमरानचं, म्हणजे शिडाच्या जोडहोडीचं, एक अंग पाण्यातून वर येऊ लागतं. अशा वेळी डोलकाठीवरून आलेल्या तारेत कमरेचा आकडा अडकवायचा, होडीच्या कडेवर पाय रोवायचे आणि सगळं अंग बाहेर पाण्यावर झोकून द्यायचं, तेव्हा कुठे होडी कलंडायची थांबते. लग्नाची सगळी वर्षं रोंडाने हेच केलं होतं. सुकाणू ड्वेनच्या हातात आणि ही बाहेर तारेवर. घटस्फोटात तिने घर सोडलं, फर्निचर सोडलं, पण होडी सोडली नाही; ड्वेनला दुसरी, वापरलेली होडी घ्यावी लागली. येत्या शनिवारी मोसमातली पहिली शर्यत होती आणि तिला त्या होडीचं सुकाणू स्वतः धरायचं होतं. क्लबात लोक हसले होते. ड्वेन तर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "रोंडा, तू तारेवरच बरी. होडी देऊन टाक मला." त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला होता.

आणि आता ऐन वेळी पॅट्सीने घात केला होता. शर्यतीला दोन माणसं लागतात. पॅट्सी तिच्या तारेवर जाणार होती, पण रविवारी कुत्र्याच्या साखळीत पाय अडकून तिने मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून रोंडाने गावात ज्याला दोन धड पाय आहेत त्या प्रत्येकाला विचारून पाहिलं होतं. कोणी ड्वेनचा मित्र निघाला, तर कोणी त्याच्याशी वाकडं नको म्हणून मागे सरला. आज गुरुवार होता.

तिने फळीवरून पट्ट्यांचे दोन नमुने काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हात फिरवून बघ."

लिनेटने आधी निळी पट्टी दाबली. मऊ, स्पंजासारखी होती. मग काळी. तिच्यावर बोट ओढताच ते चटकन मागे घेतलं.

"ही तर किसणी आहे."

"किसणीच आहे. गुडघा घासला तर साल काढेल, पण ओला पाय जागचा हलू देणार नाही."

"आणि निळी?"

निळी पट्टी दिसायला देखणी होती, मऊ होती आणि भर लाटेत साबणासारखी सुळसुळीत होत असे. ही निळी घेऊन गेली आणि शनिवारी ड्वेनच्या होडीवरून चारदा पाण्यात पडली, तर कोणी रोंडाला बोल लावला नसता. तिला तसं व्हावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं, आणि मग स्वतःचाच असा राग आला की तिने निळी पट्टी उचलून खोक्यात भिरकावली.

"निळी उन्हात पाय पसरून बिअर पिणाऱ्यांसाठी. तू काळी घे."

मग तिने खुंटीवरचा एक लांबट हार्नेस काढला. पाठीला रुंद आधार होता आणि मांड्यांमधून घट्ट पट्टे जात होते. आकडा असा होता की होडी उलटली आणि कुठे अडकलाच, तर एक दोरी ओढताच निसटावा. तिने लिनेटच्या खांद्यांपासून पट्टे ओढत आणले, गुडघ्यांवर बसून मांड्यांजवळचे आवळले आणि पुढच्या पट्टीला एक दणका दिला. पट्टी जागची हलली नाही.

"आता चल बाहेर. कपाटासमोर उभं राहून हार्नेस कळत नसतो."

अंगणात पाइनच्या झाडांखाली रोंडाची होडी ट्रेलरवर उभी होती. डोलकाठी चढवलेली होती आणि पलीकडच्या बाजूने दोर लावून होडी झाडाला बांधली होती. लिनेट मधल्या ताणलेल्या जाळीवर चढली, तिने तार कमरेच्या आकड्यात अडकवली आणि वरची मूठ दोन्ही हातांनी गच्च धरली.

"मूठ सोड."

"सोडू?"

"हातांनी लटकायला तू माकड आहेस का? वजन आकड्यावर टाक. खाली बस, आणखी बस, त्या हार्नेसला घेऊ दे तुला. हं, आता पुढच्या पायानं ढकल. गुडघा सरळ! सरळ म्हणजे सरळ, लिनेट!"

लिनेट अर्ध्यातच थांबली.

"अगदी ड्वेनसारख्या ओरडलात."

"तो माझ्याकडूनच शिकलाय. ढकल!"

लिनेटने पाय ढकलला आणि ती बाहेर गेली. हात सोडलेले, पाय कडेवर रोवलेले, लांबच लांब अंग जमिनीला समांतर. केस खाली लोंबत होते. ती मोठ्याने हसली.

"कुठेच टोचत नाहीये! मिस रोंडा, हे असं असतं?"

"हे असं असतं."

रोंडा बघत राहिली. ती स्वतः बुटकी. तारेवर पुरेसं वजन पडावं म्हणून ती बोटांच्या टोकांवर उभी राहायची, पोटऱ्या भरून यायच्या आणि संध्याकाळी जिना चढवत नसे. या पोरीला नुसतं आडवं व्हायचं होतं. एवढी उंची तारेवर असली तर सुकाणूवरच्या माणसाला काय काय करता येईल, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. ही मला हवी, असं तिला वाटलं. भूक लागावी तसं वाटलं. तिने जीभ दातांखाली धरली. ड्वेनच्या बायकोपुढे हात पसरण्यापेक्षा होडीला आग लावलेली बरी.

"पुरे. ये आत," ती म्हणाली.

दोघी गॅरेजमध्ये परतल्या. रोंडाने बर्फ घातलेल्या गोड चहाचा जग काढला. लिनेटने नवा हार्नेस अंगावरच ठेवला होता. टेबलावरचा ड्वेनने आणलेला तिने उचलला.

"याचं काय करू? पावती नाही, दुकानदार बदलून देणार नाही. तुम्हीच ठेवून घ्या ना. नवाकोरा आहे."

"नको."

"अहो, कोणाला तरी होईल."

"होईल कोणाला तरी. ठेव तिथे."

"तुम्हालाच होईल की," लिनेट सहज म्हणाली. तिने हार्नेस रोंडाच्या पाठीमागून आणला आणि खांद्यांवर चढवला. रोंडाच्या एका हातात जग होता आणि दुसऱ्यात पेला, त्यामुळे तिला हात वर करून अडवता आलं नाही. "थांबा हो. नुसता घालून बघा."

बक्कल खटकन लागलं. मघाशी पाहिलं होतं तसं लिनेटने कमरपट्ट्याखाली बोटं सरकवली. दोन गेली. तिसरं जाईना. खांद्यांचे पट्टे जागच्या जागी बसले होते आणि आकडा बेंबीखाली असावा तिथेच होता.

लिनेटने बोटं काढून घेतली नाहीत.

"हे माप फार खपतं," रोंडा म्हणाली. "गावातल्या निम्म्या बायकांना होईल."

"खरंच?"

रोंडाने जग टेबलावर ठेवला. खोटं बोलणं तिला कधी जमत नसे. लग्न मोडलं तेही त्यामुळेच, असं तिची बहीण म्हणायची.

"नाही," ती म्हणाली.

"तुम्ही आल्याबरोबर ओळखलंत."

"हातात घेतला तेव्हा."

लिनेट स्टुलावर बसली. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"म्हणजे त्याच्या मनात अजून तुम्ही…"

"छे!" रोंडा इतक्या जोरात म्हणाली की लिनेट दचकली. "तसलं काही मनात आणू नकोस. मी त्याच्या मनात असते तर हे लग्न मोडलंच नसतं. दुकानदारानं माप विचारलं असेल, यानं तोंडात आलं ते सांगितलं असेल. त्याच्या लेखी तारेवर बायको असते, बस्स. कोणती आहे, हे वळून बघायला लागत नाही."

लिनेटने चहाच्या पेल्यातला बर्फ बोटाने ढवळला. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

"मी पडले तेव्हा तो काय म्हणाला, सांगू? म्हणाला, तुला अजून तारेची सवय व्हायचीय." तिने नाक ओढलं. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. महिनाभर आरशासमोर कमरेचे व्यायाम करतेय मी."

"तुझं काही चुकत नव्हतं."

"शनिवारी तुमच्या तारेवर कोण आहे?"

रोंडाचा हात बक्कल काढता काढता थांबला.

"कोणी नाही. सगळ्या गावाला माहीत आहे ते."

"मी येते."

"नाही."

"का?"

"कारण तू रागावली आहेस. रागावलेलं माणूस मला होडीवर नको. राग पहिल्या वळणावर उतरतो, मग पुढची सगळी शर्यत मी रडणाऱ्या बाईला घेऊन करू? आणि संध्याकाळी तुला त्याच घरी परत जायचंय. मला नाही, तुला जायचंय. त्याचा विचार कर."

हे बोलताना रोंडाचा स्वतःचाच जीव तुटत होता. हवं ते समोर चालून आलं होतं आणि ती ते परत ढकलत होती. पण त्याच माणसावरचा राग तिने अख्खं एक वर्ष उशाशी घेऊन काढला होता. त्यातून काय हाती लागतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

लिनेट उठली. टेबलावरची पेन्सिल घेऊन ती बाहेर गेली. रोंडाला वाटलं, गाडीकडे गेली असेल. गाडीचा आवाज आला नाही, म्हणून ती दाराशी आली.

लिनेट पुन्हा होडीवर चढली होती. तिने आकडा अडकवला, वजन त्यावर टाकलं, मुठीला हात न लावता पाय ढकलला आणि बाहेर गेली. मघापेक्षा सफाईने गेली. कडेवर तिने पाऊल दोनदा हलवून पाहिलं, आपल्याला कुठे ठीक वाटतं ते ठरवलं, आणि मग वाकून पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली.

"रागावले आहेच मी," ती तिथूनच म्हणाली. "घरी जाऊन भांडणार पण आहे. पण मला हे आवडतं, रोंडा. पाण्यात पडले तेव्हाही आवडलं होतं. घरी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. तुला दुसरं कोणी मिळणार असेल तर ही रेघ पुसून टाक, मी काही म्हणणार नाही."

रोंडा जवळ गेली. रेघ तिच्या स्वतःच्या जुन्या जागेपासून चांगली वीतभर मागे होती.

"किसणी लावावी लागेल," ती म्हणाली. "गुडघे सोलून निघतील."

"निघू देत."

"आणि मी ओरडते."

"ते कळलं मघाशीच."

रोंडा गॅरेजमधून काळी पट्टी, कात्री आणि गोंदाचा डबा घेऊन आली. तिने होडीची कड पॉलिश कागदाने घासली, स्पिरिटने पुसली आणि कडेला व पट्टीला गोंद फासला. तो थोडा सुकू दिला. मग पट्टी बेताने टेकवली. कड गोलसर होती, त्यामुळे पट्टीची टोकं पुन्हा पुन्हा सुटून वर येत होती. एक टोक रोंडाने दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं, दुसरं लिनेटने. गुडघे टेकून दोघी होडीशी वाकून राहिल्या. पाइनच्या सुया गुडघ्यांना टोचत होत्या.

लिनेटच्या खिशातला फोन वाजू लागला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. फोन वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

"तोच असेल," रोंडा म्हणाली. "घे. मी धरते दोन्हीकडे."

लिनेट जागची हलली नाही.

"तुझे हात नाही पुरणार," ती म्हणाली आणि आपलं टोक आणखी जोर लावून दाबलं.